वेणूचा प्राण



पहाटेच्या काकड आरतीला शंख फुंकला जातो. उत्सवाच्या दिवशी महाद्वारी सनई-चौघडा झडतो. आणि गाभाऱ्यात गोपाळकृष्णाच्या ओठांशी मुरली असते. ती पाषाणाची किंवा पितळेची असल्यामुळे प्रत्यक्ष वाजत नाही, तरी भक्ताच्या अंतःकरणात तिचाच नाद सर्वांत अधिक काळ रेंगाळतो. शंख, सनई आणि मुरली ही तिन्ही सुषिर वाद्ये. तिघांचाही प्राण म्हणजे माणसाचा श्वास. तथापि तोच एक श्वास या तीन ठिकाणी तीन निरनिराळ्या रीतींनी खर्च होतो. बासरी वाजविताना तो कसा खर्च करावा, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे. विषय वरवर पाहता वादकांपुरता दिसेल; परंतु श्वासोच्छ्वासाबरोबर अखंड चालणाऱ्या अजपा जपाला ज्या परंपरेने साधनेचे मर्म मानले, त्या परंपरेच्या उपासकास तो परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम या तीन वाद्यांतील भेद नीट ध्यानी घ्यावयास हवा. शंख वाजतो तो वाजविणाऱ्याच्या ओठांच्या कंपनाने. मिटलेल्या ओठांमधून वारा जोराने बाहेर काढावा लागतो. त्यास बळ पुष्कळ लागते, पण काळ थोडा. सनईच्या तोंडाशी पत्ती असते. तिच्या अरुंद फटीतून वारा जातो, त्यामुळे दाब मोठा लागला तरी वाऱ्याचा व्यय बेताचा होतो. म्हणूनच सनईवादक गालांत वारा साठवून, तो गालांनीच पुढे लोटत असताना त्याच क्षणी नाकाने नवा श्वास आत घेऊ शकतो आणि सूर तुटू देत नाही. सनईच्या ताफ्यात मागे बसून एकच षड्ज धरून ठेवणारा सुराचा साथीदार ही विद्या रोजच्या सवयीने साधतो. ऐकणाऱ्यास वाटते, या मनुष्यास श्वास घ्यावाच लागत नाही!

बासरीची गोष्ट अगदी निराळी आहे. तिला पत्ती नाही, जिभली नाही, पडदा नाही. वेळूची एक पोकळ नळी, तिला फुंकेचे एक छिद्र आणि बोटांची काही छिद्रे, एवढाच तिचा संसार. ओठांमधून निघालेली वाऱ्याची बारीक धार फुंकेच्या छिद्राच्या पलीकडल्या कडेवर आदळते. ती धार क्षणात नळीच्या आत, क्षणात बाहेर अशी डोलू लागते, आणि त्या डोलण्याने नळीतील हवेचा स्तंभ निनादतो. श्वासाचा बराचसा भाग नळीत न शिरता बाहेरच सांडतो. वाऱ्याला अडविणारे, त्याची बचत करणारे असे बासरीपाशी काहीच नाही. जी काही राखण करावयाची ती वादकाने स्वतःच्या छातीत, पोटात आणि ओठांत करावयाची. शंखाला जोम हवा, सनईला चिकाटी हवी, बासरीला मात्र विवेक हवा.

हा विवेक म्हणजे काय, हे शरीराच्या हिशेबाने पाहू. स्वस्थ बसलेला मनुष्य एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो व तितकीच बाहेर सोडतो. हे मिनिटास साधारणपणे 12 ते 16 वेळा, त्याच्या नकळत चालते. पूर्ण श्वास भरून तो पूर्ण सोडला, तर निरोगी प्रौढ पुरुषाच्या छातीतून चार-पाच लिटर हवा बाहेर पडू शकते. स्त्रियांच्या बाबतीत हे प्रमाण काहीसे कमी असते. यावरही फुप्फुसांत एक लिटरहून अधिक हवा उरतेच. ती कितीही प्रयत्न केला तरी बाहेर काढता येत नाही. म्हणजे नित्याच्या व्यवहारात मनुष्य आपल्या श्वासधनाचा आठवा-दहावा हिस्साच वापरतो. बासरीवादकाला त्या ठेव्याच्या तळापर्यंत हात घालावा लागतो.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. नित्याच्या श्वसनात आत घेण्यास थोडा प्रयत्न लागतो, सोडण्यास मुळीच लागत नाही. फुललेल्या बरगड्या व ताणलेली फुप्फुसे आपोआप मिटतात. बासरीत श्वास घ्यावयाचा तो अर्ध्या पळात, दोन स्वरवाक्यांमधील फटीत. आणि सोडावयाचा तो दहा, पंधरा, क्वचित वीस सेकंदांपर्यंत, एकसारख्या धारेने. छाती पूर्ण भरलेली असताना तिचा स्वाभाविक कल एकदम रिती होण्याकडे असतो. त्या क्षणी वादकाने वारा ढकलावयाचा नसतो. उलट, फुललेल्या बरगड्यांना झटकन मिटू द्यावयाचे नसते. म्हणजे श्वास घेणारे स्नायूच श्वास सोडताना लगाम धरतात. पुढे श्वास ओसरत आला म्हणजे मग पोटाच्या स्नायूंनी हळूहळू खालून आधार द्यावयाचा. नवशिक्याची चूक येथेच होते. आरंभी छाती भरलेली असते म्हणून तो उधळेपणाने फुंकतो. सूर कर्कश होतो, वर चढतो. शेवटी काही उरलेले नसते म्हणून सूर थरथरतो, खाली उतरतो. एकाच श्वासात तो प्रथम श्रीमंताचा उधळा पुत्र असतो आणि नंतर दरिद्री!

यावर कोणी म्हणेल, हा तर प्राणायामच झाला. पूरक, कुंभक, रेचक यांचेच हे वर्णन. साम्य आहे खरे. पतंजलींच्या योगसूत्रांतही प्राणायामाचे मोजमाप देश, काल आणि संख्या यांनी सांगितले आहे, आणि वादकही श्वास कोठे भरावा, किती काळ चालवावा, किती वेळा घ्यावा याचाच हिशेब करीत असतो. तथापि भेदही विसरता कामा नये. बासरीत कुंभकाला स्थान नाही. श्वास भरला आणि घसा आवळून रोखला की पुढची फुंक धक्क्याने सुटते व सुराचा आरंभच फाटतो. पूरक संपतो त्याच क्षणी रेचक सुरू व्हावा. झोपाळा एका टोकाला जाऊन परततो, त्यास मध्ये कोणी धरून ठेवीत नाही, तसे. बासरी ही सर्वस्वी रेचकाची विद्या आहे. घेण्याचे कौशल्य तीत थोडे. देण्याचे कौशल्य फार.

या रेचकाच्या विद्येला साधनेचे रूप जसे भारतात मिळाले, तसेच एका दूरच्या देशातही मिळाले. तो देश जपान. तेथे हे घडावे याचे नवल वाटू नये. कारण तेथल्या ज्या पंथात ते घडले त्याचे नावच मूळचे आपल्याकडचे आहे. संस्कृत ‘ध्यान’ हा शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेला, तेथे त्याचे ‘छान’ झाले, आणि जपानात पोहोचल्यावर ‘झेन’. इ. स. 736 मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानच्या नारा या तत्कालीन राजधानीत पोहोचला, आणि 752 साली तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या प्रचंड मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्याच्या हस्ते झाला. त्या मंदिराच्या शोसोइन नामक प्राचीन भांडारात त्या काळच्या अनेक वस्तू आजवर जतन केलेल्या आहेत. त्यांत आठ जुन्या उभ्या बासऱ्याही आहेत. या बासरीस जपानी भाषेत शाकुहाची म्हणतात.

शाकुहाची हे नाव केवळ मापाचे आहे. ‘शाकु’ म्हणजे तेथला फूट आणि ‘हाची’ म्हणजे आठ. एक फूट व वर आठ दशांश, म्हणजे सुमारे साडेचोपन्न सेंटिमीटर, ही तिची प्रमाण लांबी. वेळूचा मुळाकडील जाड, गाठींचा भाग घेऊन ती करतात. पुढे चार छिद्रे आणि मागे अंगठ्यासाठी एक, अशी पाचच छिद्रे. ती आडवी धरीत नाहीत. हनुवटीखाली उभी धरून तिच्या वरच्या टोकाच्या तिरप्या कडेवर फुंक घालतात. मस्तक किंचित लवविले की सूर उतरतो व मृदू होतो. उचलले की तो चढतो व उजळतो. तेथल्या वादकांत अशी म्हण आहे की, नुसती मान हलविण्यास शिकायलाच तीन वर्षे जातात.

सतराव्या शतकापासून पुढे ही बासरी फुके या झेन पंथातील भिक्षूंचे साधन बनली. या भिक्षूंना कोमुसो म्हणत. त्यांत अनेकजण धनी गमावलेले योद्धे होते. ज्यांच्या हातातून तलवार सुटली त्यांच्या हाती वेळूची नळी आली. मस्तकावर वेताची टोपली उपडी घातलेली, तीत चेहरा पूर्ण झाकलेला, असे ते दारोदार बासरी वाजवीत भिक्षा मागत. महाराष्ट्रातील श्रोत्यास येथे वासुदेवाचे स्मरण व्हावे. मोरपिसांची टोपी, हाती टाळ-चिपळ्या आणि कमरेला खोचलेला पावा घेऊन पहाटे दारी येणारा तो हरिदासही नादाच्या बदल्यात मूठभर दाणे घेऊन जातो. फरक इतकाच की, वासुदेव लोकांना जागे करतो. कोमुसो टोपलीत तोंड लपवून स्वतःलाच जागे करू पाहत असे.

कोमुसोंच्या लेखी शाकुहाची हे गाण्याबजावण्याचे वाद्य नव्हतेच. ते धर्मोपकरण होते. इतर झेन भिक्षू बसून ध्यान करीत, हे फुंकून ध्यान करीत. ‘फुंकरीचे ध्यान’ याच अर्थाचा ‘सुइझेन’ हा शब्द त्यांच्यात रूढ आहे. त्यांच्या स्वररचनांना ताल नाही. प्रत्येक स्वरवाक्य एका श्वासाचे. श्वास संपला की वाक्य संपले. त्यानंतरची शांतता ही रिकामी जागा मानली जात नाही. तीही रचनेचाच भाग. ती शांतता वादकास श्वास देते आणि श्रोत्यास गेलेला सूर परत ऐकू देते. जिभेने सूर तोडण्याची रीतही या जुन्या परंपरेत नाही. तोच सूर पुन्हा हवा असेल तर बोटाच्या हलक्या आघाताने तो वेगळा करतात, श्वासाची धार मात्र तुटू देत नाहीत. एका श्वासाला त्यांनी वेळूच्या पानाचा आकार दिला आहे: देठाशी निमुळता, मध्ये रुंद, टोकाशी पुन्हा निमुळता. सूर शांततेतून उगवतो, भरतो आणि शांततेतच विरतो. कोठे संपला हे नेमके सांगता येऊ नये, हीच त्याची परीक्षा.

या सर्वांच्या मुळाशी एक अगदी साधा नित्यपाठ आहे. पाचही छिद्रे झाकून निघणाऱ्या सर्वांत खालच्या सुरास ते ‘रो’ म्हणतात. साधकाने रोज आधी हा एकच सूर दीर्घ श्वासाने पुनःपुन्हा फुंकावयाचा. बोटे हलवावयाची नाहीत, सुरावट नाही, कोणास रिझविणे नाही. हिंदुस्थानी गायक पहाटे तंबोरा घेऊन खर्ज भरतात, त्याचेच हे भावंड. दोन्ही देशांतील गुरूंनी, एकमेकांना न विचारता, शिष्याला प्रथम तळाशीच नेऊन बसविले. कारण वरच्या सुरात दोष झाकता येतात, खालच्या सुरात श्वास जसा असेल तसा उघडा पडतो.

1871 साली जपानच्या नव्या राजवटीने फुके पंथ बंद केला. भिक्षूंचा तो विशेष अधिकार गेला, टोपल्या उतरल्या. परंतु बासरी मेली नाही. ती गृहस्थांच्या, शिक्षकांच्या, कलावंतांच्या हाती गेली आणि आज जगातील अनेक देशांत शिकविली जाते. पंथ आज्ञेने बंद होतो, श्वास बंद होत नाही.

भारतातही फुंकेला उपासनेत स्थान देणारे पंथ आहेतच. नाथ योगी लोकरीच्या जानव्यात लहानशी शिंगी बांधतात आणि गुरुवंदनाच्या व भोजनाच्या वेळी ती फुंकतात. ज्ञानेश्वर महाराजांची गुरुपरंपरा याच नाथांची, आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात प्राण व कुंडलिनी यांचे जे सविस्तर विवेचन आहे ते त्याच घराण्याचे देणे आहे. तेव्हा फुंक आणि ध्यान यांचे नाते सांगण्यास जपानचा दाखला आवश्यक होता असे नाही. तो घेतला तो एवढ्यासाठी की, घरचे धन दुसऱ्याच्या घरी पाहिले म्हणजे त्याची किंमत कळते.

आता हिंदुस्थानी बासरीकडे येऊ. श्रीकृष्णाचे वाद्य म्हणून ती पूज्य खरी. पण रागसंगीताच्या मैफलीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तिला मानाचे स्वतंत्र आसन नव्हते. लहान बासरीचा सूर उंच व तीक्ष्ण. त्यात विलंबित ख्यालाचे गांभीर्य येईना. हे आसन तिला मिळवून दिले ते पन्नालाल घोष यांनी. त्यांचा जन्म 1911 साली बारिसाल येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. तरुणपणी त्यांनी व्यायाम आणि मुष्टियुद्ध यांची आराधना केली होती. गळ्याइतका खोल व भरदार सूर हवा म्हणून प्रयोग करीत करीत ते सुमारे 32 इंच लांबीच्या वेळूपर्यंत पोहोचले, आणि तिला त्यांनी सातव्या छिद्राची जोड दिली. अशा बासरीत छिद्रे दूरदूर असतात. बोटे ताणावी लागतात आणि श्वासही फार लागतो. त्यांच्यामागून ज्यांनी या वाद्याची कीर्ती जगभर नेली, ते हरिप्रसाद चौरसिया हेही मल्लाचे पुत्र व स्वतः तालमीत घुमलेले. दोघांच्याही छातीत आखाड्याचे बळ होते. परंतु त्यांचा मंद्र सप्तकातील आलाप ऐकताना त्या बळाची आठवणही होत नाही. बळ तेथे सुराला ढकलीत नाही, ते त्याला उचलून धरते. मल्लाने आपले सामर्थ्य लहान मुलाला कडेवर घेण्यात खर्च करावे, तसे ते आहे. पन्नालाल घोष यांनी रामकृष्ण संघाची दीक्षा घेतली होती, हेही येथे सांगण्याजोगे आहे. 1960 साली दिल्ली येथे त्यांचा देहान्त झाला. त्यांची परंपरा जावई व शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर यांनी आणि पुढे पुण्याचे केशव गिंडे यांच्यासारख्या साधकांनी चालविली.

या परंपरेचे वादन गायकी अंगाचे आहे. म्हणजे बासरीने गळ्याचे अनुकरण करावयाचे. त्यामुळे श्वास कोठे घ्यावा याचा नियमही गाण्यातूनच येतो. गाणारा शब्दाच्या मध्ये श्वास घेत नाही. वादकानेही मींड अर्ध्यावर असताना घेऊ नये. न्यासाच्या सुरावर वाक्य टेकले म्हणजे घ्यावा. श्वास पूर्ण संपेपर्यंत थांबू नये. थोडा शिल्लक असतानाच वाक्य पुरे करावे, म्हणजे शेवटचा सूरही पहिल्याइतकाच सशक्त राहतो. ज्याची थैली रिती झाली त्याच्या दानात सौजन्य राहत नाही.

साधकासाठी आणखी काही गोष्टी. पाठ ताठ असावी, पण ताठरलेली नसावी. श्वास घेताना खांदे वर जाऊ नयेत. खालच्या बरगड्या व पोट बाजूंना फुलावे. वेळ असेल तेव्हा नाकाने, नसेल तेव्हा ओठांच्या कोपऱ्यांतून आवाज न करता घ्यावा. घसा जांभई देताना असतो तसा मोकळा असावा. वरच्या सप्तकात जाताना अधिक वारा सोडावयाचा नसतो; ओठांची फट बारीक करून धार वेगवान करावयाची असते. नवशिक्यास पहिल्या काही दिवसांत घेरी येते व बोटांना मुंग्या येतात. पुष्कळांना वाटते की ही काही योगाची अनुभूती आहे! ती तशी नव्हे. वाजवी प्रमाणाबाहेर भराभर श्वास सोडल्याने रक्तातील कार्बन डायॉक्साइड कमी होतो, त्याचा तो परिणाम. अशा वेळी बासरी खाली ठेवावी, स्वस्थ बसावे, आणि फुंक हलकी करण्यास शिकावे. आणि ज्यास छातीचा किंवा हृदयाचा विकार आहे त्याने वैद्यास विचारल्यावाचून दमसासाची कोणतीच जबरदस्ती करू नये.

दमसास या शब्दापाशी थोडे थांबावयास हवे. संगीताच्या मैफलीत लांबच लांब तान एका दमात घेतली की टाळ्या पडतात. दम किती, हे श्रोत्यास चटकन कळते. दमाचे केले काय, हे कळण्यास कान लागतात. ते कान तयार करण्याचे भाग्य इंदूर नगरीस लाभले. उस्ताद अमीर खाँ यांची जडणघडण याच शहरात झाली. 1974 साली त्यांचे निधन झाले, तरी त्यांची अतिविलंबित झुमऱ्यातील बढत ज्यांनी ऐकली त्यांना ठाऊक आहे की, दोन सुरावटींमधील त्यांची विश्रांती ही पोकळी नसे. त्या विश्रांतीत राग उभा असे. कोमुसोंनी टोपलीआड जी शांतता जोपासली, तीच इंदुरात एका गायकाने भरसभेत जोपासली.

परंतु या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण इंदूरपासून सुमारे 35 किलोमीटरवर, देवासला घडले. कुमार गंधर्व यांचा जन्म 1924 सालचा, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा. बालपणापासून त्यांचे गाणे अलौकिक म्हणून गाजलेले. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 साली ते माळव्यात, देवासला येऊन राहिले. गाणे बंद झाले. एक फुप्फुस निकामी झाले. पाच-सहा वर्षे त्यांना अंथरुणावर काढावी लागली. त्या काळी नवीनच हाती आलेल्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाने जीव वाचला. गायकाचा श्वासच गेला, म्हणजे सावकाराची पेढीच बुडाली!

त्या काळात त्यांनी काय केले? त्यांनी ऐकले. खिडकीबाहेरून जाणाऱ्या माळव्याच्या स्त्रियांची गाणी ऐकली, भिक्षेकऱ्यांची भजने ऐकली, आणि देवासच्या शीलनाथ महाराजांच्या धुनीशी निगडित नाथपंथी साधूंची निर्गुणी भजने ऐकली. मग 1953 च्या सुमारास जेव्हा ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा पूर्वीच्या लांब पल्ल्याच्या श्वासाची नक्कल करण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. त्यांनी वाक्य लहान केले. एक लहान, धारदार, पूर्ण स्वरवाक्य, मग विराम, मग दुसरे. उरलेल्या श्वासाच्या मापाने त्यांनी गाणे बेतले, आणि ज्यास जग उणीव म्हणाले असते तिचीच एक शैली झाली. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे, 1992 साली देवास येथेच देह ठेवीपर्यंत, तो तोकडा श्वास श्रोत्यांना पुरून उरला. त्यांची निर्गुणी भजने ऐकणाऱ्याच्या ध्यानी येते की, त्यांतील शांतता सुरांइतकीच बोलकी आहे.

सज्जनहो, शाकुहाचीचे भिक्षू आणि देवासचे गायक यांची भेट कधी झाली नाही. एकाने श्वासाची मर्यादा व्रत म्हणून पत्करली, दुसऱ्यावर ती व्याधीने लादली. परंतु दोघेही एकाच ठिकाणी पोहोचले: वाक्य श्वासाएवढे असावे, श्वास वाक्यासाठी ओढूताणून आणू नये, आणि जो श्वास हाती आहे तो अखेरपर्यंत नीट द्यावा.

ही गोष्ट मठाच्या उत्सवात सांगण्याचे प्रयोजन आहे. अनेक वृद्ध उपासक अलीकडे खिन्नपणे म्हणतात की, पूर्वीसारखी साधना होत नाही. पायऱ्या चढताना धाप लागते. आरतीत उंच सूर लागत नाही. नामाचा एक फेरा एका दमात होत असे, आता मध्येच थांबावे लागते. कोणास दम्याचा विकार आहे, कोणाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आहे, कोणास साथीच्या रोगाने छातीत कायमचा अशक्तपणा ठेवला आहे. त्यांना वाटते, देवाच्या दारी आता आपण पाहुणे झालो. खरी सेवा धडधाकटांची. काहीजण तर लाजेने मागच्या रांगेत बसतात आणि नुसते ओठ हलवितात.

त्यांनी वेणूकडे पाहावे. वेणूला स्वतःचा श्वास मुळीच नाही. ती आतून पोकळ आहे, तिच्या अंगाला छिद्रे आहेत, आणि तरी ती भगवंताच्या ओठांशी आहे. फुंक किती मोठी याचा हिशेब तिने कधी ठेवला नाही. फुंक आली तेव्हा तिने आतली वाट मोकळी ठेवली, एवढेच. ज्याच्या छातीत चार लिटर श्वास मावतो त्याने चार लिटरांचे नाम घ्यावे. ज्याच्या छातीत एकच मावतो त्याने एका लिटराचे. वाक्य लहान करावे, मध्ये थांबावे, थांबण्याची लाज धरू नये. मधल्या विश्रांतीतही नाम चालू असते, हे अजपा जपाच्या उपासकास कोणी सांगावयास नको.

मागच्या रांगेत बसलेल्याने उद्याच्या काकड आरतीस पुढे यावे. धाप लागेल तेथे थांबावे. बाकीचे सूर धरून ठेवतील. सनईच्या ताफ्यात सुराचा साथीदार धरतो तसे. आणि श्वास परत आला म्हणजे पुन्हा त्यांच्यात मिसळावे. वेणूचा धर्म इतकाच आहे.